डोळ्याच्या तळाशी हिवताप

वाईला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी घाटावर भेटेल तो विचारतो, "काय नाना, ठाण्याला जाऊन काय पाहिलंत?" मी खरं तेच सांगतो. नऊ माणसांचे सतरा डोळे पाहिले. एकाला एकच होता. लोक हसतात आणि म्हातारा चळला असं समजून पुढे जातात. म्हणून हे लिहायला बसलो आहे. ठाण्याला जाणारे पुष्कळ असतील, पण मी जिथे जाऊन आलो तिथे आपल्या आळीतलं कुणी गेलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

एकतीस वर्षं मी वाईच्या शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या थोरल्या भावाची मुलगी माधवी ठाण्यात डोळ्यांची डॉक्टर आहे. नौपाड्यात तिचा दवाखाना, वर्तकनगरला घर, आणि आठवड्यातून काही दिवस सकाळी ती कळव्याच्या एका रुग्णालयात जाते. गणपती उठल्यावर तिचं पत्र आलं. "नानाकाका, इथे मलेरियाचा कहर आहे. ताप डोक्यात जाऊन माणसं बेशुद्ध पडतात. त्यांच्या डोळ्यांच्या तळाशी मला काहीतरी दिसतं, पण दुसऱ्यांना दाखवायला कॅमेरा नाही. तो मुंबईत मोठ्या ठिकाणी असतो, आणि बेशुद्ध माणूस कॅमेऱ्याकडे नेता येत नाही. तुम्ही रंगीत पेन्सिली घेऊन या."

आमच्या हिने पत्र वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सगळं ठाणं हवा खायला इकडे महाबळेश्वरला येतं, आणि तुम्ही डासांना खायला घालायला तिकडे चाललात." तरी बॅगेत तिने दशम्या आणि ओडोमासची नळी न विसरता घातली.

नौपाडा

माधवीचा दवाखाना स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. खाली मिठाईवाला, शेजारी वकील, वर दातांचा डॉक्टर. आपल्या अख्ख्या आळीत जेवढी माणसं राहतात तेवढी तिथे एका जिन्यावरून चढउतार करतात. मात्र कोपऱ्यावरच्या हॉटेलातली मिसळ अशी जहाल, की डोळे तपासायला येणारे निम्मे रुग्ण आधीच डोळे पुसत येत असावेत.

पहिल्याच संध्याकाळी माझी शिकवणी सुरू झाली. नमुना म्हणून घरचाच जावई, माधवीचा नवरा श्रीकांत, खुर्चीत बसवला. माधवीने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले. अर्ध्या तासात त्याच्या बाहुल्या अशा मोठ्या झाल्या, की बुबुळाचा तपकिरी रंग नुसता कडेला उरला. मग तिने माझ्या हातात एक बॅटरीसारखं यंत्र दिलं. वरच्या टोकाला बारीक भोक आणि भिंग, खाली प्रकाश.

"त्याच्या उजव्या डोळ्यात बघायचं तर तुमचा उजवा डोळा लावा. जवळ जा काका. अजून. नाकाला नाक लागलं तरी चालेल."

जावयाच्या इतक्या जवळ मी त्याच्या लग्नातसुद्धा गेलो नव्हतो. त्याने दुपारी कांदा खाल्ला होता. आधी नुसता अंधार, मग लालसर धुकं, मग त्याच्या पापण्यांची फडफड. मी वैतागून यंत्र खाली ठेवणार, एवढ्यात धुकं फाटलं.

काय सांगू! मावळतीच्या आकाशासारखा नारिंगी रंग, आणि त्यात एका बाजूला फिकट पिवळी, गोल चकती. त्या चकतीतून रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, वर, खाली, दोन्हीकडे, बारीक होत होत पार दिसेनाशा होणाऱ्या. मी आयुष्यभर झाडं काढली, पोरांकडून काढून घेतली, पण इतकं नाजूक फांदीकाम कुठे पाहिलं नव्हतं. आणि ते जिवंत होतं. माझ्या जावयाचं रक्त माझ्या डोळ्यादेखत वाहत होतं आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं, तो मान न हलवता विचारत होता, "काका, अजून किती वेळ?"

एकसष्ट वर्षं मी माणसांच्या डोळ्यांकडे बघत आलो, चित्रात त्यांना चमक यावी म्हणून पांढरा ठिपका देत आलो, आणि त्या काळ्या ठिपक्याच्या पलीकडे हे सगळं आहे याची मला कल्पना नव्हती.

"शरीर कुठेही न कापता रक्तवाहिन्या अशा उघड्या दिसतात, ती ही एकच जागा," माधवी म्हणाली. "आणि डोळ्याचा हा पडदा म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग. मलेरियाचे जंतू शिरलेल्या रक्तपेशी मेंदूतल्या बारीक नळ्यांना चिकटून बसतात. कवटी उघडून तर बघता येत नाही. पण तेच इथे डोळ्यात घडत असतं, आणि इथे खिडकी आहे."

एका वेळी दिसतो तो पडद्याचा एवढासा तुकडा. दाराच्या फटीतून लग्नाचा मांडव बघावा तसं तुकडा तुकडा जोडून चित्र करायचं. रात्रीच्या जेवणापर्यंत मी श्रीकांतचे दोन्ही डोळे कागदावर उतरवले. माधवीच्या पुस्तकात धमन्या लाल आणि शिरा निळ्या दाखवल्या होत्या. मीही तसंच रंगवलं. निळं मला कुठे दिसलं नव्हतं, पण पुस्तकापुढे आपण कोण?

कळवा

खाडीच्या पुलापलीकडे कळवा. आपल्या कृष्णेला घाट आहेत, तिथे उतरून पाणी डोळ्याला लावता येतं. खाडीचं तसं नाही. तिला दिवसातून दोनदा भरती येते, मग ती फुगते, आणि ओसरली की चिखलात होड्या कलंडून बसतात. चिखलाचा वास पहिल्या दिवशी नकोसा वाटतो. चौथ्या दिवशी तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

रुग्णालयाकडे जाताना माधवी बाजारात थांबली. ती भाजीवाल्याशी बोलत होती आणि मी, जन्माचा शाकाहारी, नाकाला रुमाल लावून मासळीच्या पाट्यांपुढे उभा होतो. कारण तिथे रंग होते. गुलाबी, चंदेरी, शिशासारखे करडे. एका पाटीमागे चाळिशीची कोळीण बसली होती. तिने माझा रुमाल पाहिला आणि हसली.

"घ्यायचा नाय तं बगता कनाला वो काका?"

"रंग बघतोय," मी म्हणालो. "मला यातलं काही कळत नाही."

"रंग नाय बगाचा. डोला बगाचा." तिने एक मासा उचलला, त्याची हनुवटी म्हणावी तिथे बोट लावून तोंड वर केलं आणि माझ्यापुढे धरलं. "ह्यो बगा, कसा फुगलेला, कालाभोर. ताजा हाय. आनि ह्यो शेजारनीचा," आवाज खाली आणून ती म्हणाली, "पांढरा परलाय. शिला. मानूस खोटा बोलल, मावरा नाय बोलत."

मी खूश झालो. कालपासून डोळे बघायला शिकत होतो आणि ही बाई जन्मभर तेच करत होती. नाव विचारलं तर जयवंती. माधवी नेहमी तिच्याकडेच मासळी घेते. गप्पांत ती म्हणाली, "आज लवकर जानार. पोर तापली हाय, आठ वरसाची, चंदा."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"मलेरियावाला आयलेला मागं. बोट टोचून रगत नेला आनि गोल्या देऊन गेला. तवा पोर बरी झाली, मंग त्या गोल्या ठेवल्यात डब्यान. आता देतंय रोज अर्धी-अर्धी. एकदम दिल्या का उष्ण परतात, पोर ओकते."

मला हे फार शहाणपणाचं वाटलं. आमच्याकडेही औषध बेतानेच देतात, आणि उरलेलं औषध टाकून देणारी बाई वाईतही मी पाहिलेली नाही. मी मान डोलावली आणि निघालो. माधवी अजून दुधीची पारख करत होती, तिने यातलं काहीच ऐकलं नाही.

रुग्णालयात माधवीने माझी ओळख मोठे डॉक्टर देवधर यांच्याशी करून दिली. तापाच्या वॉर्डाचे ते प्रमुख. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की आमच्या शाळेत असते तर घंटेची गरज पडली नसती. ते एका रुग्णाच्या भावाला फैलावर घेत होते. "घरी गोळ्या दिल्या? अर्धवट? कुणी सांगितलं? मग घरीच बरा करायचा, इथे कशाला आणलात?" वॉर्डातले सगळे नातेवाईक जमिनीकडे बघत होते.

माझ्या पेन्सिली पाहून ते हसले. "डॉक्टर माधवी, मलेरिया रक्तात असतो. डोळ्यात असतं ते प्रेम."

"प्रेमाने रक्तस्राव होत नाही सर," माधवी शांतपणे म्हणाली.

त्यांचीही बाजू होती. साथीमुळे क्विनीनच्या इंजेक्शनचा तुटवडा पडला होता. रक्ताच्या काचेवर जंतू दिसले, असा तपासनिसाचा कागद आला तरच औषध बाहेर निघे. ज्याला खरोखर हवं त्याला कमी पडू नये म्हणून तो नियम देवधरांनीच केला होता. शिवाय ते औषध काही साखरेची गोळी नव्हे. रक्तातली साखर उतरते, हृदयावर ताण येतो. उगीच देऊन चालत नाही.

त्या दिवशी मी एका बेशुद्ध रिक्षावाल्याचा डोळा काढला. पडद्यावर रक्ताचे ठिपके होते आणि काहींच्या मधोमध पांढरं टिंब. सुंदर म्हणावं तर लाज वाटते, पण सुंदर होते. त्याच्या रक्तात जंतू सापडले होते, क्विनीन चालू होतं, तो वाचला. देवधरांनी चित्र पाहिलं, "हात चांगला आहे," एवढंच म्हणाले आणि गेले.

डोंबिवली

मधला एक दिवस रिकामा होता. माझा शाळासोबती बापू डोंबिवलीत राहतो, त्याच्याकडे जायचं ठरवलं. निघण्याआधी मला दुर्बुद्धी सुचली. माधवीला म्हणालो, "त्या थेंबांनी कसं वाटतं ते मला कळायला हवं. घाल माझ्या डोळ्यांत." ती नको म्हणत होती. मी हट्टाने घालून घेतले आणि उन्हात बाहेर पडलो.

डोंबिवलीत उतरेपर्यंत सगळं जग पांढरंशुभ्र झालं होतं. लांबचं सगळं डोळे दिपवत होतं आणि हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता म्हणजे मुंग्यांची रांग. तिथल्या इमारतीही एकाच आईच्या लेकी. प्रत्येकीच्या दारात पाण्याची पिंपं, कारण पाणी येतं तेव्हा भरून ठेवावं लागतं, आणि त्या पिंपांत डासांची बाळंतपणं. चाचपडत दुसऱ्या मजल्यावर गेलो, दार उघडं होतं. एक गृहस्थ लगबगीने उठले. "या या, आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

बापू आंघोळीला गेला असेल आणि हे त्याचे मेहुणे असतील अशी मी समजूत करून घेतली. पोहे आले, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. चहा आला. मग एक मुलगी साडी नेसून आली आणि मला वाकून नमस्कार करून समोर बसली. "विचारा काय विचारायचं ते," गृहस्थ म्हणाले. मी विचारलं, "बापू कुठे आहे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ती मंडळी मुलाच्या काकांची वाट बघत होती, आणि बापू शेजारच्या इमारतीत राहत होता.

मी शरमेने अर्धमेला झालो. पण त्या माणसांनी मला हसून हाताला धरून बापूच्या दारापर्यंत पोचवलं. जाताना मुलगीच म्हणाली, "आजोबा, तुमचे डोळे फार विचित्र दिसत होते. आईला वाटलं तुम्ही काहीतरी घेऊन आलात." औषधाने मोठी झालेली बाहुली बघणाऱ्याला भलतंच सांगते, हा धडा मी डोंबिवलीत पोह्यांबरोबर घेतला. तो दोनच दिवसांनी उपयोगी पडणार होता.

पुन्हा कळवा

शनिवारी सकाळी वॉर्डात शिरलो आणि कोपऱ्यातल्या खाटेपाशी जयवंती उभी दिसली. पाटीमागे बसलेली ती ठसक्याची बाई हीच, हे ओळखायला मला क्षणभर लागला. खाटेवर चंदा होती. आदल्या दिवशी झटके आले आणि तेव्हापासून शुद्ध नव्हती. चिमटा काढला तर नुसती कण्हत होती. रक्ताच्या दोन काचा तपासल्या, दोन्ही स्वच्छ. पाठीतलं पाणी काढून पाहिलं, तेही स्वच्छ. देवधर मेंदूच्या तापाची औषधं देत होते, पण पोर तासातासाने खोल चालली होती. त्यांनी जयवंतीला दोनदा विचारलं होतं, "घरी काही औषध दिलं होतंत?" ती दोन्ही वेळा म्हणाली होती, "कायपन दिला नाय."

माधवी थेंबाची बाटली घेऊन खाटेशी गेली. सिस्टरने सांगितलं, "या डोळ्यांच्या डॉक्टर आहेत." एवढं ऐकलं मात्र, जयवंती पोरीवर आडवी पडली.

"डोल्यांना हात लावाचा नाय! माजी पोर जिती हाय अजून!"

आम्हाला काही कळेना. मग तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे नेत्रदानाचं पत्रक होतं, मेल्यावरही डोळे जग पाहतील असं काहीसं लिहिलेलं. तिला वाटलं, डॉक्टरांनी आशा सोडली आणि आता डोळे काढायला माणसं पाठवली. सोबत मी, हातात टोकदार पेन्सिलींची पेटी. माधवीने समजावलं, सिस्टरने समजावलं. जयवंती दोन्ही तळव्यांनी पोरीचे डोळे झाकून रडत होती आणि वेळ जात होता. त्या दोन तळव्यांखाली उत्तर होतं आणि ते आम्हाला बघता येत नव्हतं.

मी पेटी जमिनीवर ठेवली आणि तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो. म्हणालो, "जयवंतीबाई, मी रुमालवाला. मंगळवारी तुम्हीच मला शिकवलंत. रंग नाही बघायचा, डोळा बघायचा. माणूस खोटं बोलेल, डोळा बोलत नाही. आम्ही तेवढंच करणार आहोत. पोरीच्या आत काय झालंय ते तिचा डोळा सांगेल. बघून झाला की डोळा जिथल्या तिथे. तुम्ही इथंच उभ्या राहा, माझा हात धरून."

मग तिने तळवे काढले आणि खरंच माझं मनगट धरलं. पाटी उचलणाऱ्या हाताची ती पकड होती, माझी बोटं बधिर झाली.

थेंब घातले. अर्धा तास थांबावं लागतं, तो अर्धा तास कसा गेला ते विचारू नका. त्या वेळात मी लाल पेन्सिलीने एका मोठ्या कागदावर लिहिलं, "औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आहेत. घाबरू नये," आणि तो खाटेच्या उशाला चिकटवला. नंतर दुपारपाळीची सिस्टर आली, तिने चंदाच्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि तिचा चेहरा उतरला. बाहुल्या उजेडातही अशा लहान होईनाशा झाल्या म्हणजे संपलंच, असा त्यांचा हिशेब असतो. मग तिने मान वर करून कागद वाचला आणि "काका, जीव गेला होता माझा," म्हणाली.

माधवीने पापणी वर करून यंत्र लावलं. बघत राहिली. दुसरा डोळा पाहिला. मग मला म्हणाली, "बघा आणि काढा. जे दिसेल ते."

मी वाकलो. आठ वर्षांच्या मुलीचा श्वास माझ्या गालाला लागत होता, गरम आणि उथळ. नारिंगी जमीन दिसली. मधोमध, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते त्या जागेभोवती, पांढुरके डाग पसरले होते. काचेवर दूध सांडून वाळावं तसे. रक्ताचे पाच ठिपके, त्यातल्या तीन ठिपक्यांच्या मधे पांढरं टिंब. मी भराभर काढत गेलो. डाग काढले, ठिपके काढले, मग लाल पेन्सिल घेऊन रक्तवाहिन्या ओढायला लागलो.

"काका," माधवीने माझा हात थांबवला. "लाल?"

"रक्त लालच की."

"तुम्हाला दिसलं लाल?"

एकतीस वर्षं मी पोरांच्या डोक्यात टपली मारून सांगत आलो, ठाऊक असेल ते काढू नका, दिसतं ते काढा. आणि इथे एका पोरीचा जीव टांगणीला लागला असताना मी पुस्तकातला रंग भरत होतो. पुन्हा वाकलो. या वेळी फांदी फांदी करून पाहिलं. कडेच्या बारीक वाहिन्या लाल नव्हत्या. काही फिक्या नारिंगी होत्या, आणि दोन तर चक्क पांढऱ्या, खडूच्या रेघेसारख्या. जंतू शिरलेल्या पेशी तिथे चिकटून बसल्या होत्या आणि जंतूंनी त्यांच्यातलं लाल शोषून घेतलं होतं. मेंदूतही याच घडीला हेच चाललं असणार. मला भीती वाटली आणि त्याच वेळी हात जोडावेसे वाटले. एवढ्याशा मुलीच्या डोळ्याच्या तळाशी तिच्या शरीराने सगळी हकीकत मांडून ठेवली होती, कुणीतरी येऊन वाचावी म्हणून.

मी लाल खोडून नारिंगी आणि पांढरं भरलं. माधवी कागद घेऊन जवळजवळ धावतच देवधरांकडे गेली.

ते आले. आधी चित्र पाहिलं, मग यंत्र हातात घेतलं आणि स्वतः वाकले. त्या उंच माणसाला खाटेशी गुडघे टेकावे लागले. बराच वेळ ते तसेच होते. उठले तेव्हा आवाज खाली आला होता.

"हे असं मी कधी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "कधी डोळ्यात वाकून बघितलंच नव्हतं, म्हणा. पण मग रक्तात जंतू का नाहीत?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मंगळवारची पाटी, रोज अर्धी-अर्धी गोळी, आणि मान डोलावणारा मी. हे मी चार दिवस उराशी घेऊन हिंडत होतो आणि डोंबिवलीत पोहे खात होतो.

"जयवंतीबाई," मी हळूच म्हणालो, "तो डबा. सांगा यांना. ओरडणार नाहीत."

कनवटीला खोचलेली एक जुनी पावडरची चपटी डबी तिने काढली आणि देवधरांपुढे धरली. आत दीड गोळी उरली होती. "मी दिल्या," ती म्हणाली. "अर्धी-अर्धी. तुमी वरडाल म्हून नाय सांगला. पोरीला मीच मारली काय वो डाक्टर?"

देवधरांनी डबी हातात घेतली, बंद केली आणि तिला परत दिली.

"नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. लोक मला सांगायला घाबरतात, ही माझी चूक." मग माधवीकडे वळून, "अर्ध्या औषधाने बोटातल्या रक्तातले जंतू दिसेनासे झाले. आत चिकटलेले तसेच आहेत. सिस्टर, क्विनीन काढा. कागद मी लिहितो. रक्तात जंतू नाहीत, डोळ्यात खुणा आहेत, असंच लिहितो."

सलाइनमधून थेंब थेंब औषध सुरू झालं. साखर उतरू नये म्हणून सिस्टर पुन्हा पुन्हा तपासत होती. संध्याकाळी काही फरक नव्हता. रविवारी सकाळी चंदाने चिमटा काढणारा हात ढकलला. एवढ्यावर माधवी वॉर्डाबाहेर जाऊन रडून आली. सोमवारी दुपारी पोरीने डोळे उघडले, छताचा पंखा पाहिला, आई पाहिली, आणि स्पष्ट म्हणाली, "आये, भाकर दे."

जयवंतीने दोन्ही हात तोंडावर दाबले आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. ती इतका वेळ रडलीच नव्हती असं मला तेव्हा कळलं, आधीचं ते रडणं नव्हतंच.

निघण्याचा दिवस

आठ दिवसांसाठी गेलेला मी बारा दिवस राहिलो. चंदाला घरी सोडायचं होतं त्या सकाळी माधवीने तिचे डोळे पुन्हा तपासले आणि मला शेवटचं चित्र काढायला बसवलं. या वेळी चंदा जागी होती. "आजोबा, तुमच्या नाकातले केस दिसतात," तिने मला सांगितलं. पांढरे डाग विरत आले होते. रक्ताचे ठिपके फिके पडले होते, तेही काही आठवड्यांत जातील आणि नजरेला धक्का नाही, असं माधवी म्हणाली. खडूच्या रेघा गेल्या होत्या. तिथे बारीक, ओल्या, लाल फांद्या होत्या. या वेळी लाल पेन्सिल उचलण्याआधी मी तीनदा पाहून घेतलं.

देवधरांनी चंदाच्या डोळ्याचं पहिलं चित्र मागून घेतलं. वॉर्डातल्या नेत्रदानाच्या पत्रकाशेजारी त्यांनी ते स्वतः लावलं. त्याखाली त्यांच्या हाताने लिहिलं होतं, "घरी काय औषध दिलं ते सांगा. कोणी रागावणार नाही." ते किती दिवस पाळतील देव जाणे, पण लिहिलं होतं खरं.

जयवंतीने माझ्यासाठी फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. "सुक्या हायेत, मावरा लावला नाय," तिने आधीच सांगितलं. वर ती पावडरची डबीही ठेवली, धुऊन, रिकामी. "ह्याच्यान तुमच्या पेनशिली ठेवा. माज्या घरान ही नको."

मी तिला दोन्ही चित्रं दाखवली. भिंतीवरचं आजारपणातलं आणि माझ्या हातातलं आत्ताचं. कुठे काय होतं आणि आता काय आहे, ते बोटाने समजावलं. ती आळीपाळीने दोन्हींकडे बघत होती. मला वाटलं आता ती कागद मागेल, म्हणून मी तो पुढे केला. तिने तो घेतला नाही.

ती वळली. चंदा बाकावर पाय हलवत बसली होती. जयवंतीने तिच्या हनुवटीखाली बोट लावून तोंड वर केलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं, आणि वाकून आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात नीट, न घाई करता पाहिलं.

"ताजा हाय," ती म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन निघाली.